मिठाच्या पाण्यात धुतलेली ज्वारी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

लाखनीच्या खताच्या दुकानदारानं माझ्या पोराला ही डायरी फुकट दिली. तो सगळं मोबाइलात ठेवतो, म्हणून मी घेतली. चौथीपर्यंत शिकली मी. वाचता येतं, लिहिताना बोटं दुखतात. पण गटाचं सगळं लिहिणं दीपमाला करते अन् मी नुसती सही ठोकते, हे मला बरं दिसत नाही. अध्यक्ष मी आहे. रोज लिहिणं जमणार नाही, काही झालं तर लिहीन. कोणाला दाखवायची नाही.

आज झालं ते असं. आमचा नऊ बायांचा गट अंगणवाडीच्या लेकरांना शेंगदाण्याचे लाडू करून देतो. पाच वर्षं झाली. मागच्या साली आमच्या दाण्याचा नमुना तपासणीत नापास झाला. दाणा दिसायला टपोरा, आत बुरशीचं विष. ते डोळ्याला दिसत नाही, भाजल्यानं जात नाही. दोन महिने लाडू बंद. या वर्षीही नापास झालो तर काम बाहेरच्या ठेकेदाराला जाईल, असं तपासणीच्या मॅडमनी सांगून ठेवलं. म्हणून बाजारचा दाणा घ्यायचाच नाही. नऊ जणींनी आपापल्या धानाच्या बांधीत अर्धा अर्धा एकर भुईमूग टाकला. जमिनीतून वर आलाय.

आज कृषी कॉलेजची रक्षा आली. जवाहरनगरची, बाप फॅक्टरीत आहे. पंचविशीची काडी. म्हणे तुमच्या भुईमुगात मी काहीतरी टाकून पाहते.

मी म्हटलं, "कोणतं औषध?"

"औषध नाही काकू. बुरशीच आहे. पण चांगली बुरशी, विष न करणारी."

"बुरशीवर बुरशी? घरात चोर शिरला म्हणून दुसऱ्या चोराले बलावू काय वं?"

बाया खिदळल्या. रक्षाही हसली. रागावली नाही. पोट्टी मला आवडली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

समाजमंदिरात रक्षाची शिकवणी झाली. तिनं ज्वारीची दोन पोती आणली. ज्वारी भाजलेली आहे, ती उगवत नाही, तिला ते चांगल्या बुरशीचं काय ते लावलेलं आहे, येवढं मी ऐकलं. मग दूध आलं नाही म्हणून उठली. पाहुण्याला काळा चहा द्यायचा काय? दीपमालाला पाठवलं असतं तर तिनं साखरेचा पाक करून आणला असता. मीच गेली. दूध शोधलं, चहा केला, येईपर्यंत शिकवणी संपली होती. बाया कशावर तरी हसत होत्या.

रक्षा म्हणाली, "काकू, तुमचं राहिलं. पाच मिनिटं बसता का, परत सांगते."

"तीस वर्षं शेती करून राहिली मी. शेतात फेकाचं हाये ना? फेकतो."

पोती माझ्या घरी ठेवली. किल्ली कोणाजवळ राहील तर माझ्याजवळ. शकुन म्हणाली, "वयनी, माझी पडवी कोरडी हाये, तठी ठेवू काय?" मी म्हटलं, "तुया पडवीत कुत्रे झोपतात." शकुन माझी नणंद. नवरा वारल्यापासून शेजारच्याच घरात राहते. बोलते कमी अन् बोलली तर अर्ध्या तासानं मुद्द्यावर येते. तोपर्यंत माझा जीव जातो.

३ मार्च, सोमवार

आज पोतं उघडलं. ज्वारीवर हिरवी निळी भुकटी. वास ओल्या बारदान्यासारखा. पोतं मी रांजणाजवळ ठेवलं होतं. ओल धरली असणार. म्हणजे माझ्या घरात सडलं. उद्या बाया म्हणतील, किल्ली माझ्याजवळ, किल्ली माझ्याजवळ करत होती, पाहा आता.

असं होऊ देणारी मी नाही. धानाच्या बियाला आपण काय करतो? दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ. बी टाकायचं, हलकं वर येईल ते काढायचं, खालचं दोनदा साध्या पाण्यानं धुवायचं, सावलीत वाळवायचं. या गावात धानाला मिठाचं पाणी दाखवणारी पहिली बाई मीच. तेव्हाही लोक हसले होते, मग सगळे करू लागले.

दोन्ही पोती तशीच धुतली. पाणी काय हिरवं निघालं! तीन पाण्यांनी ज्वारी मोत्यासारखी झाली. पलंगपोसावर पसरून ठेवली.

शकुन कुंपणाशी येऊन उभी. "वयनी, नालीतून हिरवं पाणी काहून येऊन राहिलं? अन् हे काय वाळत घातलं? त्या पोरीनं तं सांगतलं होतं का..."

"तुया घरी काही काम नाही काय?"

गेली. आता कमर मोडली आहे, पण समाधान आहे. कोणाला सांगायचं नाही.

६ मार्च, गुरुवार

सगळ्यांच्या शेतात ज्वारी फेकून झाली. आदल्या दिवशी पाणी दिलं होतं, माती ओली होती. रक्षाला परीक्षेचं काम होतं म्हणून आली नाही, फोनवर विचारत होती. चंद्रभागाबाई सत्तरीच्या, त्यांच्या अर्ध्या एकरात मीच फेकली. त्या म्हणाल्या, "निर्मला, तुई मूठ भारी सुटसुटीत." दीपमाला म्हणाली, "त्या दिवशी ही निळी निळी दिसत होती ना?" मी म्हटलं, "तुया डोळ्याले चष्मा लाव."

११ मार्च, मंगळवार

रक्षा आली. भुईमुगाच्या ओळींत गुडघ्यावर बसून ज्वारीचा एकेक दाणा पाहत फिरली. पाच शेतं पाहिली. पॅन्ट मातीनं भरली.

"काकू, दाणे इतके स्वच्छ कसे?"

मला काय माहीत. मी तर फुगली. म्हटलं, "आमच्या गावात माल स्वच्छच राह्यते."

ती हसली नाही. "ओल होती ना?"

"होती."

"कोणी बुरशीनाशक मारलं का?"

"नाही वं. कोणाजवळ पैसा उतू चालला?"

दोन दाणे तळहातावर घेऊन तिनं उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाली, "माझंच काही चुकलं असेल." जेवायला थांब म्हटलं, थांबली नाही.

१३ मार्च, होळी

पुरणाचा वास अंगाला लागलाय अन् जेवण गेलं नाही. आज लिहितेच.

दीपमाला दुपारी वाटी मागायला आली अन् मोबाइल दाखवू लागली. एकोडी गावच्या बायांच्या शेतातले फोटो, रक्षानं पाठवलेले. तिथंही हीच ज्वारी टाकली. मातीवर दाणे पडलेले अन् एकेका दाण्यावर हिरवी लव, जशी शिळ्या भाकरीवर येते.

मी म्हटलं, "बापा, यांचं तं पुरं सडलं."

दीपमाला हसून लोळली. "सडलं नाही काकी, हेच तं पायजे! तुमी चहा कराले गेल्या होत्या तवा सांगतलं ना तिनं. एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकतो का नाही? सीट धरून ठेवतो. तसं हे चांगलं बुरसं आधी जाऊन सगळ्या जाग्यावर रुमाल टाकते. मंग मागून विषाचं बुरसं आलं, तं त्याले बसालेच जागा नाही. ते हिरवी भुकटी म्हणजेच माल. ज्वारी तं नुसती त्याची शिदोरी."

मी वाटी दिली. ती गेली. मी चुलीपुढं बसून राहिली.

तीन पाण्यांनी धुतली मी. तीन. सगळे रुमाल नालीत.

१४ मार्च

धुळवड. कोणाला रंग लावू दिला नाही, डोकं दुखतं म्हटलं. माझे घरचे, शकुनचा भाऊ, म्हणाले, "तुयं डोकं दुखते म्हणजे कोणाचं तरी नशीब फुटलं." मी भांडी घासायला उठली. त्यांनी दोनदा वळून पाहिलं.

१६ मार्च, रविवार

रक्षाचा फोन आला.

"काकू, भुईमुगाच्या आऱ्या मातीत शिरून शेंगा धरायला अजून आठ दिवस आहेत. तेवढ्यात परत टाकलं तर काम होईल. माझ्याजवळ दोन पोती शिल्लक आहेत. तुमच्याकडं काही वेगळं झालं असेल तर सांगा, मी उद्या आणते. काही झालं नसेल तर ती दुसऱ्या गावाला देते, तिथं कमी पडलं आहे."

तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं. पण बाहेर दीपमाला अन् दोघीतिघी कुरड्या करत बसल्या होत्या, अन् मी फोनवर हळू बोलूच शकत नाही, माझा आवाजच तसा. ह्या पोरीला काय सांगू? तुझं औषध मी धुवून टाकलं? तू पाच मिनिटं बसायला सांगितलं अन् मी बसली नाही?

मी म्हटलं, "अठी काही चुकलं नाही. तू दे दुसऱ्याले."

ती म्हणाली, "बरं." पुन्हा म्हणाली, "नक्की ना काकू?"

"आता काय लिहून देऊ?"

फोन ठेवला. बाहेर जाऊन बायांना म्हटलं, कुरड्या जाड झाल्या. जाड नव्हत्या.

२ एप्रिल

पीक चांगलं आहे. हिरवंगार. असं वाटतं, काही होणारही नाही. सगळ्याच वर्षी विष पडतं असं थोडंच आहे. देवाला नारळ बोलली.

२० एप्रिल

ऊन भयंकर. मोटर तीन दिवस जळालेली होती, भुईमूग माना टाकून उभा होता. रक्षा म्हणाली होती की शेवटी शेवटी पाण्याचा ताण पडला की ते विषाचं बुरसं जास्त जोर करतं. आठवलं अन् भाकर तव्यावर जळली.

एक नारळ कमी होता काय म्हणून दुसरा बोलली.

२४ मे, शनिवार

भुईमूग उपटला. शेंगा भरून आहेत. एकेका झाडाला तीस-पस्तीस. बाया गाणी म्हणत होत्या. चंद्रभागाबाईंचा नातू शेंगा फोडून फोडून तोंडात टाकत होता, त्याचा गुबगुबीत गाल फुगलेला. सगळे हसत होते. मी त्याच्या हातावर चापट मारली. "कच्च्या खाऊ नको, पोट दुखते." चंद्रभागाबाई म्हणाल्या, "खाऊ दे माय, आपल्या घरचं हाये."

३० मे, शुक्रवार

रात्री अवकाळी पाऊस झाला. सगळ्यांनी शेंगा घरात ओढल्या. शकुनच्या शेंगा अंगणात ताडपत्रीखाली होत्या. सकाळी मी कुंपणावरून पाहिलं तर ताडपत्रीवर पाणी साचलेलं. मी ओरडली, "अवो, मेली काय झोपेत? उबतील त्या!"

ती काहीतरी म्हणत होती. ऐकायला मला वेळ नव्हता.

१ जून

सगळ्यांच्या शेंगा समाजमंदिरात एका ठिकाणी ओतल्या. एकच ढीग. त्याच्यातून रक्षानं नमुना घेतला. दहा जागच्या दहा मुठी. एकोडीचाही नमुना आजच जाणार आहे. तिनं पिशवीवर आमच्या गावाचं नाव लिहिलं. अक्षर किती सुंदर.

१० जून, मंगळवार

नापास. मागच्या सालच्या दुप्पट विष. एकोडी पास.

रक्षा फोनवर सांगताना रडवेली होती. म्हणाली, खायचे नाहीत, विकायचेही नाहीत, ढोरांनाही द्यायचे नाहीत. उद्या परवा बैठक लावा, मी येते.

१२ जून, गुरुवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर उद्या माझं मन त्यात काहीतरी बदलून टाकेल.

बैठकीला आठही बाया होत्या. लाडवाचं काम गेलं, मॅडमचा निरोप आला आहे. रक्षा म्हणाली की एकोडीला हीच ज्वारी, हेच पीक, तिथं पास. म्हणजे फरक कुठंतरी इथं पडला. वाळवताना ओल राहिली तरी होतं. कोणाच्या शेंगा ओल्या राहिल्या होत्या का?

मग दीपमाला खाली मान घालून म्हणाली, "शकुनकाकीच्या ताडपत्रीत होत्या."

सगळ्यांनी शकुनकडं पाहिलं. शकुननं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं, जसं कोणी दार उघडेल म्हणून उभं राहतं.

अन् मी काय बोलली? मी म्हटलं, "मी तं त्याच दिवशी ओरडली होती. हिचं कधी कोणतं काम टायमावर झालं? एका ओल्या टोपल्यानं पुरा ढीग नासवला."

माझा आवाज मलाच ऐकू येत होता. नेहमीसारखाच होता. एक अक्षर अडखळलं नाही.

शकुन म्हणाली, "माझ्या शेंगा..." अन् मी म्हटलं, "आता काय उपेग बोलून?" ती चूप झाली. रक्षा काहीतरी म्हणणार होती, पण एव्हाना सगळ्याच बोलू लागल्या होत्या. कोणी म्हणे पाच वर्षांचं काम गेलं, कोणी म्हणे आम्ही कोणाकोणाला तोंड देऊ.

ठराव झाला. पुढच्या सालापासून शकुनबाईचा माल गटात घ्यायचा नाही. दीपमालानं लिहिला. रजिस्टर माझ्यापुढं आलं. मी सही केली. आज सहीही चांगली आली, सरळ.

१३ जून

शकुन विहिरीवर दिसली. मला पाहून दुसऱ्या वाटेनं गेली. तिनं तोंड लपवलं. तिनं.

१४ जून

घरचे म्हणाले, "शकुन दोन दिवस जेवली नाही. बहीण हाये माझी. तू काही बोलली काय तिले?"

मी म्हटलं, "गटाचं काम हाये, तुमी मधात पडू नका."

ते म्हणाले, "गट तुयाच घरात हाये, मालूम हाये मले," अन् बाहेर जाऊन बसले. एवढा नरम माणूस. तीस वर्षांत पहिल्यांदा मी आधी मान खाली घातली.

दीपमाला सांगून गेली, शेंगा लाखनीला विकून टाकू म्हणतात बाया. व्यापारी काही तपासत नाही. माझी परवानगी पाहिजे.

कोणाचं तरी लेकरू खाईल. मी "पाहू" म्हटलं. मी "पाहू" कधीच म्हणत नाही. दीपमाला चक्रावली.

१६ जून, सोमवार

संध्याकाळी शकुनच्या घरी गेली. मनात ठरवलं होतं, आधी हिला सांगीन, मग सगळ्यांना. मला वाटत होतं ती रडेल, मी तिला जवळ घेईन, मग सगळं मोकळं होईल. असं चित्र होतं माझ्या डोक्यात. लाज वाटते लिहायला, पण होतं.

ती तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच म्हटलं, "शकुन, ते ज्वारी मी धुतली होती. मिठाच्या पाण्यानं. तुया शेंगांचा दोष नाही."

ती सुपातच पाहत होती. "मले मालूम हाये."

"काय मालूम हाये?"

"पलंगपोसावर वाळत घातली होती ना. हिरवं पाणी माझ्याच दारातून गेलं. त्या पोरीनं शिकवलं होतं, भुकटी झटकू नका, पाणी लागू देऊ नका. मी सांगाले आली होती."

मी उंबरठ्यावरच बसली.

"मंग तवाच काहून नाही सांगतलं? त्या दिवशी बैठकीत काहून नाही बोलली?"

शकुननं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "वयनी, तू कवा बोलू देल्लं मले?"

येवढंच. पुन्हा सूप उचललं. मी बसली होती तरी ती तांदूळ निवडत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "चहा मांडू काय?" मी नको म्हटलं अन् घरी आली.

मला क्षणभर वाटलं होतं, ती माझी लाज झाकत होती. तिला तर माझी भीती वाटत होती.

१७ जून, मंगळवार

सगळ्यांना बोलावलं. रक्षालाही फोन केला, ये म्हटलं, तिकिटाचे मी देते. दुपारी तीनला सगळ्या आल्या.

उभी राहून सांगितलं. दूध आणायला गेली होती ते. पोतं पाहून घाबरली ते. तीनशे ग्रॅम मीठ ते. मार्चमध्ये रक्षानं फोनवर विचारलं अन् मी खोटं बोलली ते. शकुनवर टाकलं ते. मला वाटलं होतं बाया तुटून पडतील. बाया सतरंजीकडं पाहत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, शिव्यांना मला उत्तर देता येतं.

रक्षानं वही काढली. "किती लिटर पाणी, काकू? ज्वारी किती वेळ पाण्यात होती? किती वेळा धुतली? सावलीत किती दिवस वाळवली?"

मी एकेक सांगितलं. ती लिहीत गेली. अक्षर तसंच सुंदर. शेवटी पेन ठेवून म्हणाली, "मी तीन महिने माझ्या प्रयोगशाळेत चूक शोधत होती. सरांनी मला दोनदा सगळ्यांसमोर विचारलं."

मी हात जोडले. ती "राहू द्या काकू" म्हणाली, पण माझ्याकडं पाहिलं नाही.

मग मी म्हटलं, शेंगा विकायच्या नाहीत. एकीलाही नाही. माझ्या बांधीत खड्डा करते, तिथं पुरू. दीपमाला म्हणाली, "अन् ठराव?" मी म्हटलं, "फाड." ती म्हणाली, "रजिस्टर फाडता येत नाही काकी. त्याच्या खाली दुसरा लिहावा लागते." तिनं लिहिला. मी वाचायला मागितला. माझं नाव त्यात होतं, चूक कोणाची ते स्पष्ट होतं. सही केली. या खेपेस वाकडी आली.

१९ जून, गुरुवार

खड्डा झाला. घरच्यांनी न बोलावता फावडं घेतलं. बाया डोक्यावर टोपली घेऊन एकेक आल्या अन् ओतून गेल्या. गाणी नव्हती. चार महिन्यांचं पीक, टपोऱ्या शेंगा, वरून चुना. दीपमालानं ओतताना तोंड फिरवलं.

चंद्रभागाबाई शेवटी आल्या. ओतलं, पदरानं हात पुसले अन् माझ्याजवळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "निर्मला, माझ्या नातवानं पंधरा दिवस ह्याच शेंगा खाल्ल्या. मीच देल्ल्या मुठी मुठी. आता?"

रक्षा तिथंच होती. तिनं समजावून सांगितलं, थोड्या खाल्ल्यानं लगेच काही होत नाही, वर्षानुवर्षं पोटात गेलं तर लिव्हरवर जातं, आता देऊ नका, एकदा डॉक्टरला दाखवून आणा. चंद्रभागाबाई मान हलवत होत्या, पण पाहत माझ्याकडंच होत्या. त्यांनी रक्षाला नव्हतं विचारलं.

मी म्हटलं, "उद्या मी घेऊन जातो त्याले भंडाऱ्याले."

त्या म्हणाल्या, "नको. मी नेईन." अन् मोकळी टोपली घेऊन गेल्या.

२१ जून

चंद्रभागाबाई नातवाला दाखवून आल्या. डॉक्टर म्हणाला, आज तरी काही दिसत नाही. दीपमालानं सांगितलं. मला कोणी सांगायला आलं नाही.

२४ जून, मंगळवार

गटाची बैठक. मी म्हटलं, मला अध्यक्षपदावरून काढा. बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. दीपमाला म्हणाली, "काढून काय होते? बँकेत सगळीकडं तुमची सही हाये." मग कोणी हसलं, कोणी नाही. राहिली मी तशीच.

मग सगळ्या माझ्याकडं पाहू लागल्या. बैठकीला आधी मीच बोलते, मग बाकीच्या हो म्हणतात. मी काही बोलली नाही. पाच मिनिटं अशीच गेली. बाहेर ट्रॅक्टर गेला.

मग शकुन बोलू लागली. खाली पाहत, पदराचा शेव बोटाला गुंडाळत. आधी पावसाचं बोलली. मग ताडपत्रीचं, की ती भावानं मागच्या साली दिली होती, कोपऱ्यात तिला भोक आहे. मग भोकाखाली तिनं काय ठेवलं होतं ते. मला म्हणावं वाटत होतं, मुद्द्यावर ये वं. तीनदा तोंड उघडलं. तीनदा पदर तोंडात धरला. दातांनी चावला. पंधरा मिनिटं बोलली ती, मी घड्याळ पाहिलं. तिचं बोलणं पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं म्हणून तिचा शेवटचा बोल इथं लिहून ठेवते.

ती म्हणाली, "माझ्या शेंगा ओल्या नव्हत्या. पावसाच्या आधी मी त्या पाच दिवस उन्हात घातल्या होत्या. कानाशी हलवून पायल्या, खुळखुळ वाजत होत्या. पाणी ताडपत्रीच्या वर होतं, खाली एक थेंब नव्हता. मी चार वेळा सांगाले पायलं. कोणी विचारलंच नाही मले."